नाकाचा रकाना

वासाच्या खोलीत शिरण्याआधी हात नुसत्या पाण्याने धुवायचे, साबण लावायचा नाही. केसांना तेल नको, अंगाला अत्तर नको, तासभर आधीपासून चहा नको, आणि आदल्या जेवणात कच्चा कांदा खाल्ला असेल तर आल्या पावली परत फिरायचं. हे नियम मामाने केले होते आणि मोडणाऱ्याची तो गय करत नसे. एकदा खुद्द मोठ्या मॅडम, म्हणजे जलशुद्धीकरण केंद्राच्या मुख्य अभियंता, हाताला नवीन क्रीम चोपडून आल्या होत्या. मामाने त्यांना उंबऱ्यावरच थांबवलं. "मॅडम, तुम्ही या. क्रीमला बाहेर बसवा."

मामाचं काम पाणी हुंगण्याचं. सव्वीस वर्षं तो शहराचं पाणी हुंगत होता. केंद्रात चार मोठ्या टाक्या होत्या. रोज सकाळी साडेसात वाजता नमुने गोळा करणाऱ्या ताई चारही टाक्यांतलं पाणी तपकिरी बाटल्यांत भरून आणत आणि कोमट पाण्याच्या तसराळ्यात ठेवत. पंचेचाळीस अंशांना पाणी आलं की मामा एकेक बूच काढी, दोन छोटे श्वास घेई, एक मोठा घेई, आणि शून्य ते पाच यातला एक आकडा सांगे. तो आकडा वहीत जाई. वहीत चार रकाने होते: तारीख, टाकी, नाक, शेरा. 'नाक' हा शब्द मामाच्याच ठसठशीत अक्षरात होता. शेऱ्याच्या रकान्यात 'ओली फळी', 'बंद कपाट', 'आंघोळ घातलेलं कुत्रं' असं काय काय सापडे. सगळ्यांत धसका 'बीट' या शब्दाचा.

बीट कापल्यावर जो मातकट वास येतो, तो ज्या पदार्थाचा, तोच तलावातलं शेवाळ कधी कधी पाण्यात सोडतं. त्याचं नाव जिओस्मिन. त्याने माणसाला अपाय होत नाही, पण पाणी तोंडात घेतलं की वाटतं, नळ थेट वाफ्यातून आलाय. आणि माणसाच्या नाकाला तो किती लागतो? घराच्या गच्चीवर असतात तशा हजार लिटरच्या सहा टाक्या भरा आणि त्यांत मिळून मिठाचा एक कण टाका. एवढा. त्याहून थोडा कमी असला तरी मामाचं नाक मुरडे.

मामाने स्वतःवरही एक पहारा बसवला होता. चार बाटल्यांबरोबर पाचवी बाटली ठेवायची. तिच्यात केंद्राचं पाणी नसे. ताई तिच्यात शुद्ध पाणी भरत, कधी नुसतं, कधी मोजून जिओस्मिन घातलेलं. या बाटलीला मामा 'पाहुणी' म्हणे. पाचांतली पाहुणी कोणती हे त्याने रोज ओळखायचं. ज्या दिवशी पाहुणी ओळखता आली नाही, त्या दिवशी नाकाचा रकाना कोरा.

"जे नाक पाहुणीला घरची म्हणतं, त्याचं बाकीचं का ऐकायचं?" असं त्याचं म्हणणं.

या खोलीच्या कोपऱ्यात, खिडकीखालच्या टेबलावर, गेला महिनाभर एक पांढरी पेटी होती. आकाराने जेवणाच्या डब्याएवढी. ती मामाच्या भाचीची. भाची सव्वीस वर्षांची, मामा नोकरीला लागला त्याच वर्षी जन्मलेली, जीवरसायनशास्त्र शिकलेली, आणि विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत साडेतीन वर्षं या एका पेटीमागे लागलेली. लहानपणी ती बाहुलीसारखी एका जागी बसून मुंग्या मोजायची, म्हणून मामाने तिला ठकी म्हणायला सुरुवात केली. केंद्रात आल्यावर ते नाव ताईंनी ऐकलं आणि मग सगळ्यांचीच ती ठकी झाली.

पेटी उघडली की आत नखाएवढी चिप दिसे. तिच्यावर सोन्याच्या दोन बारीक पट्ट्या, आणि दोघींच्या मधे कार्बनच्या नळ्यांचं जाळं. ते डोळ्याला दिसत नाही. एक नळी म्हणजे केसाच्या पन्नास हजाराव्या भागाइतकी बारीक, अणूंच्या एकाच थराची गुंडाळी. त्यात आत दडलेला असा एकही अणू नाही, सगळेच्या सगळे बाहेर उघड्यावर. त्यामुळे बाहेरून कुणी नुसतं चिकटलं तरी नळीतून वाहणाऱ्या विजेला त्याची चाहूल लागते. ठकी हे कितव्यांदाही सांगताना पहिल्यांदा कळल्यासारखी हरखून जाई.

त्या नळ्यांवर तिने माणसाच्या नाकातलं प्रथिन बसवलं होतं, जिओस्मिन ओळखणारं. हे प्रथिन फार लाडावलेलं. पेशीच्या चरबीच्या पडद्यात असतं तोवर शहाणं, बाहेर काढलं की आपला आकारच विसरतं. म्हणून त्याच्यासाठी चरबीच्या इवल्याशा चकत्या करायच्या, एकेका चकतीत एकेक प्रथिन बसवायचं, चकती उसवू नये म्हणून तिच्या कडेने दुसऱ्या प्रथिनाचा पट्टा बांधायचा, आणि अशा अब्जावधी चकत्या नळ्यांवर नीट चिकटवायच्या. मग पाण्यातला जिओस्मिनचा कण आला की प्रथिन त्याला धरतं, धरताना जरासं आकसतं, आणि ते आकसणं खालच्या विजेत उमटतं. पडद्यावर आकडा येतो. शून्य ते पाच, मामाच्याच पायऱ्यांवर.

हे प्रथिन मिळवलं कुठून, याची घरात मोठी थट्टा होती. वासाची प्रथिनं नाकात तयार होतात, पण ती करायची कृती अंगातल्या प्रत्येक पेशीत लिहिलेली असते. तीन वर्षांपूर्वी ठकीने जेवणाच्या टेबलावरच मामाला तोंड उघडायला लावलं, गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला आणि बाटलीत बंद करून नेला. त्यातून तिने ती कृती वेगळी काढून बॅक्टेरियांच्या हवाली केली, आणि त्यांनी ते प्रथिन बनवून दिलं.

"गालातून नाक काढणारी ही पहिलीच," मामी म्हणाली होती.

"काढू दे," मामा म्हणाला होता. "माझं आहे तिथे आहे."

सुरुवातीला पेटी केंद्राच्या पाण्यात टिकतच नसे. प्रयोगशाळेत नीट चालणारी चिप इथे दहा मिनिटांत मुकी होई. ठकीच्या नाकी नऊ आले होते. मामाने पेटीकडे पाहिलंही नाही, फक्त विचारलं, "पाण्यातला क्लोरीन मारलास का?" शहराला जाणाऱ्या पाण्यात क्लोरीन असतो, जंतू मारायला, आणि जंतूंना मारणारा प्रथिनाला कसा सोडेल? पाण्यात आधी क्लोरीन शमवणाऱ्या क्षाराच्या द्रावणाचे दोन थेंब घातले आणि चिपा आठ-आठ दिवस टिकू लागल्या. साडेतीन वर्षांच्या शिक्षणात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मोठ्या मॅडमनी पेटीची परीक्षा कागदावर लिहून दिली होती. कामाचे तीस दिवस. रोज पेटीने आणि नाकाने एकच पाणी तपासायचं. एका पायरीचा फरक चालेल, त्याहून जास्त म्हणजे चूक. तिसांत तीन चुका माफ. चौथ्या चुकीला पेटी परत.

"दोन वर्षांपूर्वी तुमचे मामा, म्हणजे आमचे काका, रजेवर होते, तेव्हा आठ दिवस शहराने मातीचं पाणी प्यायलंय," मॅडम म्हणाल्या होत्या. "फोन घेऊन घेऊन माझा कान सुजला. बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल यायला चार दिवस लागतात, आणि काका पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. मला पेटी हवीच आहे. पण खोटं बोलणारी नको."

सोळाव्या दिवशी तीन चुका झाल्या होत्या.

ठकीला काही सुचेना. तिने चिपा बदलल्या, नळ्या बदलल्या, चकत्या नव्याने केल्या, क्लोरीन शमवणारे थेंब मोजून पाहिले. माहीत असलेलं जिओस्मिन दिलं की पेटी अचूक सांगे. पाहुणी तर तिने एकदाही चुकवली नव्हती. मामानेही चुकवली नव्हती. दोघंही पाहुणीच्या परीक्षेत पास, आणि तरी टाक्यांच्या पाण्यावर दोघांचं पटत नव्हतं. पेटी तीन म्हणे, मामा शून्य. दोन दिवसांनी मामा तीन म्हणे, पेटी शून्य.

"माझ्याकडे काय बघतेस?" मामा म्हणाला. "सव्वीस वर्षांत या नाकाने दगा दिलेला नाही."

ते खरंच होतं. आणि माणसाचं नाक म्हणजे काय चीज असते हे ठकीइतकं कुणाला ठाऊक होतं? तिने साडेतीन वर्षं त्याच्या एका प्रथिनाची नक्कल करण्यात घालवली होती आणि मामाच्या नाकात तसली शेकडो होती. तेव्हा शुक्रवारी तिने जे केलं ते तिच्या जागी कुठल्याही शहाण्या माणसाने केलं असतं. तिने पेटीचं माप नाकाशी जुळवून घेतलं. जुने सोळा दिवस समोर ठेवून पेटीची पट्टी अशी आवळली, की दोघांचे आकडे जवळ यावेत. पेटीचा तीन आता एक झाला, शून्याचाही एक झाला. तिने वहीत लिहिलं, 'जुळवणी केली.' शनिवारी, सतराव्या दिवशी, आकडे जुळले.

"आली की नाही वळणावर?" मामाने पेटीवर टिचकी मारली.

रविवारी दुपारी ती मामाकडे जेवायला गेली. मामी ओट्याशी बीट किसत होती. सगळं घर त्या वासाने भरलं होतं. जिन्यातही येत होता. मामा बाहेरून पेपर घेऊन आला, चपला काढल्या आणि दारात उभा राहिला. हा घरातला जुना खेळ होता. दारात उभं राहून आज काय रांधलंय हे तो सांगे. पूर्वी तो खालच्या पायरीवरूनच ओरडत यायचा आणि कोशिंबिरीत मीठ घालायचं राहिलंय हेदेखील वासावरून सांगतो अशी फुशारकी मारायचा.

"सांगा," मामी पाठमोरीच म्हणाली.

मामा सांगेना. तो दोन पावलं आत आला. मामीने किसणी खाली ठेवली, कपाळावरचे केस मनगटाने मागे सारले. तिची बोटं लालभडक झाली होती. मामाने त्या बोटांकडे पाहिलं.

"बीट," तो म्हणाला. "आणि काय?"

मामी हसली. ठकी हसली नाही. खुर्चीवर बसल्या बसल्या तिने पाहिलं होतं: आधी डोळे बोटांकडे गेले, मग शब्द आला. मुंग्या मोजणाऱ्या मुलीच्या नजरेतून असलं काही सुटत नाही. बीट. अख्ख्या जगात ज्या एका वासावर या माणसाने सव्वीस वर्षं पोट भरलं, तो वास त्याला डोळ्यांनी ओळखावा लागला होता.

जेवण झाल्यावर मामा आडवा झाला. ठकीने पिशवीतून आपली वही काढली. केंद्राच्या आवारात शिरलं की एक काळा फळा लागे, त्यावर तलावाचं पाणी आज किती गढूळ आहे हे रोज लिहिलेलं असे. तोच आकडा सगळ्यांच्या फोनवरही येई. तिने सतराही दिवसांचा गढूळपणा एका खाली एक लिहिला आणि शेजारी मामाचे आकडे मांडले. पाणी गढूळ, मामाचा आकडा मोठा. पाणी नितळ, मामाचा आकडा शून्य. एकदाही चुकामूक नाही. पण शेवाळ काही गढूळपणा पाहून वास सोडत नाही. उलट वारा पडलेल्या, उन्हाच्या, नितळ दिवसांतच ते माजतं. पेटी नेमकी अशाच दिवसांत तीन म्हणाली होती.

मामाचा आकडा फळ्यावरून येत होता. आणि तिने आपली पेटी त्या फळ्याशी जुळवून घेतली होती.

"काय गं, पोटात दुखतंय का?" मामीने विचारलं.

"मामी, मामाची ती सर्दी. किती दिवस झाले?"

"होतील सात आठवडे. का?"

"काही नाही. सहज."

मग राहिला एकच प्रश्न. नाक गेलं असेल, तर पाहुणी रोज कोण ओळखतं?

सोमवारी ती पावणेआठला वासाच्या खोलीत हजर झाली. ताईंनी चार बाटल्या तसराळ्यात ठेवल्या होत्या. पाचवी अजून त्यांच्या हातातच होती, आणि त्या घड्याळाकडे बघत होत्या.

"ताई, ती नाही ठेवत?"

"ठेवते की. घाई काय आहे?"

ठकीने पुढे होऊन चारांतल्या एका बाटलीवर हात ठेवला, मग ताईंच्या हातातल्या बाटलीवर. एक कोमट होती, दुसरी गार. पाच मिनिटं उशिरा ठेवली की मामा येईपर्यंत ही बाटली बाकीच्यांपेक्षा जराशी थंडच राहणार. नाकाला ते कळत नाही. हाताला कळतं.

ताईंनी बाटली खाली ठेवली. "सर्दीच्या रजेवरून आले ना, त्या पहिल्या दिवशी त्यांना पाहुणी सापडली नाही," त्या म्हणाल्या. "पाचही बाटल्या तीन-तीनदा हुंगल्या. तोंड बघवेना गं. बारा वर्षं मी या माणसाच्या शेजारी उभी आहे. दुसऱ्या दिवशी मी ही उशिरा ठेवली. त्यांनी हातात घेतली, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, पाहुणी ही. त्यावर आम्ही एक शब्द बोललेलो नाही."

"आज ही पण आत्ताच ठेवू या."

बाटली तसराळ्यात गेली.

मामा आठला आला. हात नुसत्या पाण्याने धुतले, पुसले, स्टुलावर बसला. पहिली बाटली उचलली, बूच काढलं, दोन छोटे श्वास, एक मोठा. दुसरी उचलली. तिसरी. पाचवी खाली ठेवताना त्याचा हात तिच्यावरच राहिला. मग त्याने परत पहिलीला हात लावला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "आज पाणी छान एकसारखं तापलंय."

ताई खिडकीबाहेर बघू लागल्या. मामाने मान वळवली.

"कधी कळलं, ठके?"

"काल. मामीची बोटं बघितलीस ना."

"बिटाने नाक कापलं म्हणायचं." तो हसायला गेला, पण हसू अर्ध्यावर राहिलं. "डॉक्टर म्हणाले, दोन आठवड्यांत येईल परत. मग म्हणाले, महिन्यात. परवा म्हणाले, सांगता येत नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"कुणाला? मॅडमना? आणि तुझी परीक्षा कशाशी लावली असती त्यांनी? केंद्रात नाक एकच. ते गेलं म्हटलं की परीक्षा रद्द, पेटी कपाटात. दोन वर्षं तू या परवानगीसाठी हेलपाटे घातलेस. मी म्हटलं, तीस दिवस काढू कसेतरी. पाण्याचा अंदाज येतो मला. तलाव माझ्या ओळखीचा आहे."

"मामा, त्या अंदाजानेच माझी पेटी नापास होत होती!"

मामाने हा विचार केलाच नव्हता. पेटी चुकते आहे, नवीन आहे, चुकणारच, असं धरून तो रोज मनातल्या मनात तिला सांभाळून घेत होता. आपण फळा वाचून सांगतो तो आकडा कच्चा आहे हे त्याला ठाऊक होतं, पण त्या नखाएवढ्या चिपेवर आपल्यामुळे काट मारली जाते आहे, हे त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

"आणि थोडी फुशारकीही होती," तो शेवटी म्हणाला. "खोटं कशाला बोलू? नाक म्हणूनच ओळखतात मला इथे."

"माझंही चुकलंय," ठकी म्हणाली. "शुक्रवारी मी पेटी तुझ्याशी जुळवून घेतली. ती खरं बोलत होती, तिला मी खोटं बोलायला शिकवलं." तिने पेटीला वायर जोडली आणि पट्टी जुन्या मापावर आणून ठेवली. मग आजचं पाणी दिलं. दीड मिनिट गेलं. पडद्यावर आकडा आला: तीन.

मामाने मान लांब करून वाचला. फळ्यावर आज लिहिलं होतं, पाणी नितळ.

तो उठला. वही काखेत मारली. "चला."

मोठ्या मॅडमच्या टेबलासमोर तो बसला नाही. उभ्यानेच वही उघडली, सात आठवड्यांपूर्वीचं पान काढलं आणि सांगायला लागला, आडपडदा न ठेवता. ताईंचं नाव मात्र घेतलं नाही. पाहुणी मी हाताने ओळखत होतो, एवढंच म्हणाला. मग खिशातून लाल पेन काढून त्याने नाकाच्या रकान्यातले सात आठवड्यांचे आकडे एकेक करून खोडले. प्रत्येक काटेपुढे सही. पानं उलटण्याचा आवाज येत राहिला, आणि मॅडमनी त्याला मधे थांबवलं नाही. ठकीने याच माणसाला तीन थेंबांतून सगळा तलाव सांगताना पाहिलं होतं. पण त्या वेळी तो तिला जितका मोठा वाटला, तितका त्याआधी कधी वाटला नव्हता.

"सात आठवडे शहर डोळ्यांनी हुंगत होतात तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

"होय."

"तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, काका."

"माझीही नव्हती."

मग ठकीने आपली जुळवणी सांगितली, आणि आजचा तीनही सांगितला. मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे नाक बंद आहे, आणि पेटी तुम्ही परवाच वाकवली होती. आज सरळ केली म्हणता. शहराचं पाणी तीनवर असेल तर मला आत्ता, या घटकेला वास शोषणारी कोळशाची पूड सोडायला सांगावी लागेल. नसेल तर पूड फुकट, वर गाळण्या तुंबणार. मी ऐकू कुणाचं?"

पेटी बरोबर आहे हे ठकीला ठाऊक होतं, पण आपल्याला ठाऊक आहे एवढ्यावर कुणी का विश्वास ठेवावा?

"ताईंना विचारा," मामा म्हणाला.

दारात उभ्या असलेल्या ताई दचकल्या. "मला? मी बाटल्या भरते."

"बारा वर्षं पाहुणी कोण बनवतं? मोजून घातलेलं बरोबर पडलं की नाही हे बूच लावण्याआधी कोण हुंगून बघतं? मला काय वाटतं, मला दिसत नव्हतं?"

मॅडम स्वतः वासाच्या खोलीत आल्या. हात नुसत्या पाण्याने धुतले. पाचही बाटल्यांवरचे आकडे पुसून त्यांनी नवे घातले, कोणती कुठली हे चिठ्ठीवर टिपलं आणि बाटल्यांची अदलाबदल केली. ताई स्टुलावर बसल्या, पदर खोचला. दोन छोटे श्वास, एक मोठा. हे त्या मामाचं बघून शिकल्या होत्या, अगदी मान कलती करण्यासकट.

तिसऱ्या बाटलीशी त्या थांबल्या. "ही आपल्या घरची नाही. पाहुणी."

मॅडमनी चिठ्ठी पाहिली आणि मान डोलावली.

"आणि बाकीच्या?"

ताईंनी पुन्हा एकदा चारही हुंगल्या. मग नाक मुरडलं. "बीट. पण शिजवलेलं नाही, आत्ता कापल्यासारखं. आकडा मला सांगता यायचा नाही. काका, तुम्ही कितीला तीन म्हणायचा?"

"घोट घेववेल, पण दुसरा घेववणार नाही, तेव्हा."

"मग तीन."

मॅडम खोलीतून बाहेर पडण्याआधीच फोनवर बोलत होत्या. अर्ध्या तासात कोळशाची काळी पूड पाण्यात पडायला लागली. बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल चार दिवसांनी आला: सोमवारच्या नमुन्यात लिटरला एकवीस नॅनोग्रॅम जिओस्मिन, माणसाला लागतं त्याच्या दुप्पट. तोवर टाक्यांतलं पाणी कधीच स्वच्छ झालं होतं आणि मॅडमना फोन आले होते ते एकूण दोन, त्यातला एक बिलाच्या तक्रारीचा.

पण ते नंतर. त्या सोमवारी मॅडम जाता जाता दारातून एवढंच म्हणाल्या, "मागचे सतरा दिवस रद्द. परीक्षा आजपासून परत सुरू. नाक ताईंचं. आज पहिला दिवस, जुळलं."

खोलीत तिघंच राहिली. ठकी वायरी गुंडाळत बसली. मामाने वही उघडली, आजची तारीख घातली, आणि पेन टेकवून थांबला. तीन आठवड्यांपूर्वी ठकीने शेवटी पेन्सिलीने एक बारीक रकाना आखला होता, 'पेटी' म्हणून. त्याने तो बोटाने शोधला, पाहिला. आणि मग पेटीचा आकडा त्याने 'नाक' या रकान्यात लिहिला. तीन.

"काका," ताई म्हणाल्या, "चुकलात. ते पेटीचं आहे."

"ठाऊक आहे."

"मग नाकाच्या खाली कसं?"

"माझ्याच गालातून काढलंय ते, तुमच्यासमोर नव्हे, पण ठकीच्या मामीला विचारा." मामाने पेटीचं झाकण उघडलं, त्या नखाएवढ्या चिपेकडे वाकून बराच वेळ बघितलं, आणि सवयीने दोन छोटे श्वास घेतले. "ठके, हे किती दिवस टिकतं म्हणालीस?"

"आठ. मग नवीन बसवायचं."

"मी बिनाबदलीचं सव्वीस वर्षं वापरलं," तो म्हणाला, आणि या वेळी हसू पुरतं उमटलं. त्याने झाकण लावलं, पट्टी घेऊन ठकीच्या रकान्याची रेघ पेनाने पक्की केली, पेन्सिलीने लिहिलेलं 'पेटी' खोडरबराने पुसलं आणि त्या जागी पेनाने, ठसठशीत अक्षरात, लिहिलं: 'ताई'.